तयार मॅप की मापाचा मॅप?

२००४ साली औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात कारखाना असलेल्या स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस बाजारात आणली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती. तोवर आपल्याकडे टर्बो म्हटलं की डिझेल जीप नाहीतर ट्रकच्या पाठीवर रंगवलेली मोठाली अक्षरं आठवायची. पेट्रोलच्या गाडीला टर्बो हे प्रकरणच नवं होतं. ज्यांच्या हाती ती गाडी आली त्यांच्यातल्या हौशी मंडळींचा पहिला प्रश्न मात्र जुनाच होता : हिच्यातून अजून किती निघेल?

आज हा प्रश्न विचारणारे पुष्कळ झालेत. चाकणला बनणाऱ्या व्हर्टस, टायगुन, कुशाक, स्लाव्हिया; रांजणगावची नेक्सॉन; नाशिकची पेट्रोल थार. सगळ्या टर्बो. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाचा मॅप बदलून फारसं काही हाती लागत नाही, कारण ते हवा ओढून ओढून ओढणार किती! टर्बोचं तसं नाही. दाब थोडा वाढवला की हवा वाढते, हवा वाढली की पेट्रोल वाढवता येतं, आणि एकही नट न फिरवता वीस-पंचवीस टक्के ताकद वाढते. म्हणून पुण्या-मुंबईत रिमॅप करून देणारी दुकानं निघाली आणि गिऱ्हाइकासमोर दोन रस्ते आले. एक तयार मॅप : त्या इंजिनासाठी कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली फाइल आणायची आणि गाडीत भरायची. दुसरा मापाचा, म्हणजे ‘कस्टम’ : तुमचीच गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून, तिचेच लॉग, म्हणजे चालत्या इंजिनाच्या नोंदी, बघून, तिच्यापुरते आकडे बसवायचे.

ऐकताना दुसराच रस्ता बरोबर वाटतो. मापाचं ते मापाचं! मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्याचे पैसे मी मोजले. ती गोष्ट पुढे येईल.

आधी मॅप म्हणजे काय ते बघू. गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, तक्ते असतात, लहानपणी भिंतीवर लावलेल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखे. एका बाजूला इंजिनचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनवरचा भार आणि प्रत्येक घरात एक आकडा. इतक्या फेऱ्यांना, इतक्या भाराला ठिणगी किती अंश आधी टाकायची, टर्बोचा दाब किती ठेवायचा, पेट्रोल किती फवारायचं. हल्लीच्या गाडीत असे शेकडो तक्ते एकमेकांत गुंतलेले असतात. पाय पेडलवर पडला की ईसीयू आधी ‘चालकाला किती टॉर्क हवा आहे’ हे ठरवते, मग तेवढ्या टॉर्कला किती हवा लागेल, मग तेवढ्या हवेला किती दाब. मध्ये जागोजागी मर्यादा घातलेल्या असतात : गिअरबॉक्ससाठी एक, तापमानासाठी एक, क्लचसाठी एक. रिमॅप करणाऱ्याचं खरं कसब या मर्यादा कुठे आहेत आणि तिथे कशासाठी ठेवल्या आहेत हे ओळखण्यात असतं. आकडा वाढवायला अक्कल लागत नाही.

कंपनीने हात राखून का ठेवलेला असतो, याबद्दल बऱ्याच दुकानांत एक गमतीदार समज ऐकू येतो : कंपन्या मुद्दाम ताकद दाबून ठेवतात. यात थोडं तथ्य आहे. फियाटचं १.३ मल्टिजेट एकेकाळी इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. तेच इंजिन ७५ अश्वशक्तीतही मिळायचं आणि ९० अश्वशक्तीतही; पण ९०वाल्याला टर्बोसुद्धा वेगळा होता, निव्वळ फाइलीचा फरक नव्हता. बाकी राखलेला हात हा तुमच्या-आमच्यासाठीच असतो. कोण जाणे गिऱ्हाईक कुठल्या पंपावर पेट्रोल भरेल, ऑइल वेळेवर बदलेल की नाही, मे महिन्यात पाच माणसं आणि सामान घेऊन आंबोली चढेल, की थेट लडाखला जाईल जिथे विरळ हवेत तोच दाब गाठायला टर्बोला कितीतरी जोरात फिरावं लागतं. कंपनीचा एकच मॅप या सगळ्यांना पुरवायचा असतो. रिमॅप करताना आपण हीच शिल्लक खर्चायला काढतो. मग वाद एवढाच उरतो की ती कोणी, कशाच्या आधारावर खर्चायची.

तयार मॅपच्या बाजूने बोलायला खूप आहे. अमेरिकेतली एपीआर किंवा कॉब, इंग्लंडमधली रेव्हो ही या धंद्यातली जुनी नावं. यांची पद्धत अशी : एक इंजिन घ्यायचं, त्याची ईसीयू उलगडायची, स्वतःच्या गाड्यांवर महिनोनमहिने चाचण्या करायच्या, मग फाइल विकायची. एकदा विकली की ती असंख्य गाड्यांत, वेगवेगळ्या हवामानात चालते. काही चुकलं तर तक्रारी येतात आणि पुढची आवृत्ती निघते. तुमच्या गाडीत ती पडते तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी इंजिनाने तिची किंमत आधीच मोजलेली असते. डायनोवर तासभर घालवणाऱ्या एकट्या माणसाला हा अनुभव कुठून मिळणार?

शिवाय आजची ईसीयू मूर्ख नाही. १९८२ मध्ये स्वीडनच्या साबने आपल्या टर्बो गाड्यांत एक व्यवस्था बसवली. इंजिनाला नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी भडकणं, होतंय का ते एक सेन्सर ऐकायचा आणि त्याप्रमाणे टर्बोचा दाब आपोआप कमी-जास्त व्हायचा. पेट्रोल हलकं पडलं तर ताकद कमी मिळायची, पण इंजिन वाचायचं. आज तीच कल्पना शंभरपट बारकाईने प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत आहे. प्रत्येक सिलिंडरची ठिणगी स्वतंत्रपणे मागे घेता येते, धुराड्यातला ऑक्सिजन मोजून पेट्रोलची मात्रा क्षणोक्षणी दुरुस्त होते. दोन गाड्यांमधले छोटे-मोठे फरक ईसीयू स्वतःच सांभाळून घेते. म्हणजे गाडी जशी कारखान्यातून आली तशीच असेल, तर ‘प्रत्येक इंजिन वेगळं असतं, म्हणून मॅप वेगळा हवा’ हा कस्टमवाल्यांचा आवडता युक्तिवाद बराचसा पोकळ ठरतो.

मग तयार मॅप कुठे फसतो? पेट्रोलपाशी.

तयार मॅप हे पंचांगासारखं असतं. गणित चोख असतं, पण ते एका गावाच्या क्षितिजावरून मांडलेलं. मुंबईची सूर्योदयाची वेळ नागपूरकराने जशीच्या तशी घेतली तर पंचवीस-एक मिनिटांचा घोळ होतो. परदेशी फाइलींचं गाव असतं त्यांचं पेट्रोल. युरोपात ९५ ऑक्टेन सर्रास आणि ९८ सहज मिळतं, त्यामुळे तिथली जोरकस फाइल बहुधा ९८ धरून लिहिलेली असते. आपल्याकडे वर्षानुवर्षं साधं पेट्रोल ९१चं होतं. ऑक्टेन कमी म्हणजे नॉकिंग लवकर : ठिणगीने लावलेली आग पुढे सरकत असतानाच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं, आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा दणका बसतो. ईसीयू ठिणगी मागे घेऊन सावरते. पण सावरणं हा तिचा आपत्कालीन उपाय आहे. रोजच्या कामाला तो जुंपायचा नसतो.

इथे आपल्या लोकांची एक नेहमीची गफलत सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या फाइलींवर ‘९१ ऑक्टेन’, ‘९३ ऑक्टेन’ असं लिहिलेलं असतं. आपला माणूस ते वाचतो आणि खूश होतो : ९१ तर आपल्याच पंपावर आहे! पण अमेरिकी पंपावरचा आकडा दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो आणि आपल्याकडचा एकाच, नेहमी जास्त आकडा देणाऱ्या चाचणीचा. तिथलं ९१ म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ ९५-९६, आणि आपलं ९१ म्हणजे तिथलं ८७ च्या आसपास, त्यांचं सगळ्यात स्वस्त पेट्रोल. आकडा तोच, पेट्रोल मात्र दोन पायऱ्या खालचं. खुद्द अमेरिकेतही कॉबने सुबारूसाठी अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया आणि नेवाडा या तीन राज्यांतल्या ९१ पेट्रोलकरता वेगळा मॅप काढला होता, कारण तिथलं पेट्रोल इतर ठिकाणच्या ९१पेक्षा नॉकिंगला कच्चं पडायचं. एकाच देशात, एकाच आकड्याला दोन मॅप!

२०२०च्या डिसेंबरात इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट दराने. ते मोजक्याच शहरांतल्या मोजक्या पंपांवर मिळतं. शंभरचा मॅप घालून पुण्याहून निघालेल्या माणसाने परतीचं पेट्रोल कणकवलीत कुठे भरायचं? मॅप नेहमी तुमच्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट पंपासाठी हवा.

आता त्यात इथेनॉल आलं, म्हणजे प्रश्न आपल्या साखर कारखान्यांपर्यंत येऊन ठेपला. वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल ट्यूनिंगच्या दृष्टीने दुधारी आहे. इथेनॉल नॉकिंग चांगलं थोपवतं आणि बाष्प होताना मिश्रण थंडही करतं. या बाबतीत टर्बो इंजिनाची मजाच आहे. पण एका किलो पेट्रोलला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते आणि इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त फवारावं लागतं. साध्या मॅपवर ही तफावत ईसीयू भरून काढते. पण ताकदीसाठी आधीच इंजेक्टर आणि पंप त्यांच्या टोकापर्यंत ताणलेले असतील तर भरून काढायला जागा उरत नाही, आणि ऐन जोरात असताना मिश्रण पातळ पडतं. पाच टक्के इथेनॉल गृहीत धरून लिहिलेली जुनी युरोपीय फाइल आज कोल्हापुरात वापरायची असेल तर तिचे लॉग पुन्हा तपासल्याशिवाय मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही.

मापाचा मॅप खरोखर कधी लागतो, तर गाडीचं सामान बदललं की. सुबारूचंच उदाहरण घ्या. तिच्या डब्ल्यूआरएक्समध्ये हवा मोजणारा सेन्सर इनटेकच्या नळीत बसतो आणि नळीच्या व्यासावर त्याचा हिशेब अवलंबून असतो. बाजारातली रुंद नळी बसवली की तोच सेन्सर हवा कमी मोजतो. ईसीयूला वाटतं हवा कमी आहे, ती पेट्रोलही कमी देते आणि मिश्रण पातळ होतं. म्हणून कॉबच्या तयार मॅपसोबत कोणती नळी चालेल ते नाव घालून सांगितलेलं असायचं. दुसरी बसवलीत तर तो मॅप तुमचा नाही. मोठा इंटरकूलर, वेगळा डाउनपाइप, मोठे इंजेक्टर, मोठा टर्बो : जसजशी गाडी मूळ घडणीपासून लांब जाते तसतसा तिच्यासारखी दुसरी गाडी सापडण्याचा संभव कमी होतो आणि तयार फाइल लिहिणाऱ्याचा अनुभव निरुपयोगी ठरत जातो. ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ ही नावं कुठल्या मानक संस्थेने ठरवलेली नाहीत, ती जाहिरातीची भाषा आहे. तरी ढोबळ अर्थ धरायचा तर स्टेज वनपर्यंत, म्हणजे सामान मूळचंच असेतो, तयार मॅपचं राज्य, थोडं सामान बदललेली स्टेज टू ही सरहद्द आणि टर्बो बदलला की मापाशिवाय गत्यंतर नाही.

नीट केलेलं कस्टम काम बघण्यासारखं असतं. आधी मूळ मॅपवरचा लॉग : ठरावीक गिअरमध्ये कमी फेऱ्यांपासून वरपर्यंत पूर्ण पेडल. मग एकेक गोष्ट थोडी बदलायची, पुन्हा लॉग. दाब मागितला तेवढाच मिळतोय का, कुठल्या सिलिंडरची ठिणगी किती मागे जातेय, आत येणाऱ्या हवेचं तापमान तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर किती चढतंय, पेट्रोल पंपाचा दाब पडतोय का. चांगला ट्यूनर आलेख काढण्यापेक्षा थांबण्यात जास्त वेळ घालवतो, कारण तापलेली गाडी आणि गार गाडी या दोन वेगळ्या गाड्या असतात. आणि तो खालच्या फेऱ्यांना हात आखडता घेतो. पंधराशे-अठराशे फेऱ्यांना भरमसाट टॉर्क दिला की पहिल्या क्षणी गिऱ्हाईक हरखतं, पण लहान टर्बो इंजिनात तिथेच वेळेआधी पेट घेण्याचा धोका मोठा. घाटात वरच्या गिअरमध्ये पेडल दाबून गाडी ओढायची आपली सवय त्यात भर घालते.

आता माझी गोष्ट. माझी लहान टर्बो पेट्रोल हॅचबॅक एका डिसेंबरात मी कस्टम करून घेतली. डायनो झाला, रंगीत आलेख मिळाला, ताकद तीस टक्के वाढल्याचं दिसलं. गाडी खरंच पळायला लागली. मे महिन्यात चार माणसं आणि एसी घेऊन खंबाटकी चढताना मात्र तिचा जीव गेला. मूळ गाडी बरी म्हणायची वेळ आली. एका जाणत्या मित्राने लॉग काढला. आत येणारी हवा साठ अंशांच्या वर, चारपैकी तीन सिलिंडरांची ठिणगी सतत मागे ओढलेली. मग त्याने फाइल उघडली. तिच्यावरची तारीख माझ्या गाडीच्या नोंदणीच्या आधीची होती. माझ्या मापाने शिवलेला मॅप माझी गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच तयार होता!

हे अपवादाने घडत नाही, या धंद्याची रचनाच तशी आहे. ईसीयू वाचण्याची यंत्रं दोन प्रकारांत विकली जातात. मुख्य यंत्राला फाइल उघडून बदलता येते. दुय्यम यंत्राला फक्त वाचता आणि भरता येते, बदल त्या मुख्य यंत्रवाल्याकडूनच व्हायला लागतो. छोट्या दुकानात अनेकदा दुय्यम यंत्र असतं. फाइल गाडीतून निघते, ईमेलने दुसऱ्या शहरात किंवा देशात जाते, अर्ध्या तासात बदलून येते. तिकडच्या माणसाने तुमची गाडी पाहिलेली नसते. ही फाइल वाईटच असेल असं नाही, पण ती तयार फाइल आहे, आणि कस्टमच्या भावाने विकली जाते. म्हणजे प्रत्यक्षात निवड असते ती तीन गोष्टींतली : नावाजलेली तयार फाइल, निनावी तयार फाइल आणि खरं कस्टम. यातली मधली बहुतेकांच्या पदरात पडते.

डायनोच्या आलेखाबद्दलही दोन शब्द. समुद्रसपाटीची हवा धरून आकडा सुधारण्याचं एक गणित डायनोच्या संगणकात असतं. ते मुळात बिनटर्बो इंजिनासाठी चपखल आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर; इथे टर्बो स्वतःच जास्त फिरून हवेची तूट बरीचशी भरून काढतो, आणि वर गणितही तीच तूट पुन्हा भरून देतं. आकडा आपोआप फुगतो. त्यामुळे आधीचा आणि नंतरचा आलेख एकाच डायनोवरचा, एकाच दिवसाचा असेल तरच त्या दोहोंतल्या फरकाला अर्थ असतो. एकट्या आकड्याला काहीच नाही.

गिअरबॉक्सचा विषय दुकानात सहसा निघत नाही. फोक्सवागनच्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजीची घोषित मर्यादा २५० न्यूटन-मीटर. चाकणच्या १.५ टीएसआय इंजिनाचा टॉर्क कारखान्यातून येतानाच २५०. इथे मॅप तयार असो की मापाचा, पहिल्या न्यूटन-मीटरपासून आपण क्लचच्या जिवावर खेळतोय. उलट १.० टीएसआयच्या १७८ न्यूटन-मीटरला वर बरीच मोकळीक आहे. ज्या गाडीत खरोखर भूक आहे तिथेच जागाही आहे, हा योगायोग सुखद म्हणायचा.

वॉरंटी, विमा आणि कायदा या बाबतीत दोन्ही रस्ते सारखेच काटेरी आहेत. फोक्सवागन गटाच्या सर्व्हिस व्यवस्थेत बदललेली फाइल सापडली की त्या गाडीवर कायमची खूण बसते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावलं. पीयूसीची चाचणी उभ्या गाडीवर होते, त्यामुळे तिथे बहुधा काही कळत नाही. पण स्टेज टूच्या नावाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं हा शुद्ध गुन्हा आहे आणि त्याचा धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. सेन्सरच्या वायरीत मध्येच बसवायच्या ‘ट्यूनिंग बॉक्स’बद्दल इतकंच : तो ईसीयूला खोटा आकडा सांगून काम काढून घेतो. खोटं बोलून चालवलेला संसार किती दिवस टिकतो ते सांगायला नको.

तर माझा कौल असा. गाडी मूळ घडणीची असेल तर खरं कस्टम शोधत फिरण्यापेक्षा तुमच्या इंजिनासाठी नाव घेऊन लिहिलेली, आपल्याकडच्या ऑक्टेनची सौम्य आवृत्ती असलेली नावाजलेली तयार फाइल घ्या, आणि ती आपल्या पेट्रोलवर, आपल्या उन्हात लॉग करून तपासून घ्या. ताकद पाच-सात अश्वशक्तीने कमी मिळेल, मिळू दे. सामान बदललं असेल तर कस्टमच, पण त्याआधी क्लचसाठी पैसे बाजूला काढा. आणि १.५ डीएसजीवाल्यांनो, गाडी आहे तशीच ठेवा. ती छान आहे.

दुकानात गेलात की आलेखाकडे बघू नका. दुपारी दोनच्या उन्हात, पंपावरच्या साध्या पेट्रोलवर, पूर्ण पेडलने सलग तीनदा काढलेला लॉग मागा आणि त्यातला ठिणगीचा रकाना समोर बसून समजावून घ्या. देत नसतील तर पैसे खिशात ठेवून गाडी घरी आणा.